थरांमधलं नत्र

कृषी महाविद्यालयात मृद्‌शास्त्राच्या पहिल्या काही तासांतच एक गोष्ट मुलांच्या डोक्यात पक्की बसते. स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम, लोह हे सगळं दगड झिजून मातीत येतं. नत्र, म्हणजे नायट्रोजन, तेवढं हवेतून. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी, विजांच्या कडकडाटात पावसाबरोबर उतरणारं थोडंसं, आणि आता युरियाची गोणी. मी हेच शिकले आणि हेच शिकवते. बेसाल्टवर राहणाऱ्या माणसाला त्यावर शंका घ्यायचं काही कारणही नसतं. लाव्हा थंड होता होता त्यातला वायू बहुतेक उडून जातो आणि मागे उरलेल्या दगडात नत्र किलोमागे जेमतेम काही मिलिग्रॅम. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर चढलेलं आपलं दख्खनचं पठार नत्राच्या बाबतीत कोरडंठाक आहे.

पण दगड म्हणजे काही फक्त बेसाल्ट नाही. आणि नागपुरात बसून हे विसरणं तर अजिबात शोभत नाही. शहराच्या पश्चिमेला सेमिनरी हिल्सवर उभं राहिलं तर पायाखाली ट्रॅप, म्हणजे हाच बेसाल्ट. कामठीकडे गेलं की गोंडवाना काळातले वाळूचे दगड, शेल (चिखलाचा झालेला पापुद्र्यांचा दगड) आणि कोळसा. रामटेकच्या वाटेवर मनसरला उतरलं की मॅंगनीजच्या खाणी आणि त्यांच्या अवतीभवती अभ्रकानं चमचमणारे शिस्ट, म्हणजे उष्णतेनं आणि दाबानं रूप पालटलेले पापुद्र्यांचे खडक. बसच्या एका तिकिटात तीन वेगळे भूगर्भ. त्यातला एकच, पहिला, आमच्या अभ्यासक्रमात ठाण मांडून बसलाय.

हे सगळं लिहायला बसवलं माझ्या धाकट्या भावानं. तो काटोलला संत्र्याची बाग आणि थोडा कापूस बघतो. मृद आरोग्य पत्रिका हातात घेऊन आला आणि सरळ टेबलावर ठेवून म्हणाला, "काहून वं ताई, दरसाली युरिया टाकतो, अन् कार्डावर नत्र कमीच! जाते कुठी मग?"

बरंचसं हवेत जातं, काही पाण्याबरोबर जातं, काही पिकानं उचललेलं असतं. हे त्यालाही ठाऊक आहे. पण काही मातीतच असतं आणि कार्डाला दिसत नाही, हे मी सांगितल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं तो अडत्याकडे पाहतो.

कार्डावरचं "उपलब्ध नत्र" कसं काढतात ते आधी सांगते. आपल्याकडे बहुतेक प्रयोगशाळांत सुब्बय्या आणि असिजा यांची 1956 ची पद्धत चालते. माती घ्यायची, पोटॅशियम परमँगनेट आणि कॉस्टिक सोड्याबरोबर डिस्टिल करायची, निघालेला अमोनिया मोजायचा. सहज ऑक्सिडीकरण होणाऱ्या सेंद्रिय पदार्थातलं नत्र आणि मातीच्या कणांना वरवर चिकटलेलं अमोनियम (अमोनियाचं धनभारित रूप) त्यात येतं. हेक्टरी 280 किलोच्या खाली असलं की "कमी", 560 च्या वर असलं की "जास्त". पद्धत स्वस्त आहे, झटपट आहे, आणि रोज शेकडो नमुने उरकायचे असतील तर दुसरं काय करणार? माझी तक्रार पद्धतीबद्दल नाही. तो आकडा दशांशासकट छापतात आणि मग शेतकरी तो बँकेतल्या शिलकेसारखा वाचतो, तिथं माझा जीव खालीवर होतो.

आता ते न दिसणारं नत्र. चिकणमातीचा कण म्हणजे सिलिका आणि ॲल्युमिनाच्या पातळ पापुद्र्यांची चळत. या पापुद्र्यांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे अणू सहा-सहाच्या कड्यांत बसलेले असतात आणि प्रत्येक कड्याच्या मधोमध एक खळगा असतो. दोन आप्पेपात्रं समोरासमोर पालथी घालून मिटली आणि खळग्यात एकेक गोळी अडकली, तसं पोटॅशियम या थरांमध्ये अडकून बसतं. अभ्रक जे अभ्रक असतं ते या पोटॅशियममुळे. खळग्याचा व्यास साधारण 2.8 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), पोटॅशियमचा आयन 2.66 चा. आणि अमोनियमचा? 2.86. विद्युतभारही तोच, एक धन. मातीला हा फरक कळत नाही म्हटलं तरी चालेल. युरिया विरघळून अमोनियम झालं, ते थरांमध्ये शिरलं, माती वाळून थर मिटले की ते आत. यालाच आम्ही स्थिर अमोनियम किंवा खनिजबद्ध नत्र म्हणतो.

व्हर्मिक्युलाइट हे चिकणमातीतलं खनिज आणि झिजलेलं अभ्रक या कामात पटाईत. आपल्या काळ्या मातीतलं मुख्य खनिज स्मेक्टाइट, त्याची पकड त्या मानानं सैल, कारण त्याचा ऋणभार कमी असतो आणि बराचसा थराच्या आत खोलवर असतो. पण काळी माती शुद्ध स्मेक्टाइट नसते, आणि मे महिन्यात ती जशी वाळते तशी फार थोड्या माती वाळतात. भेगांत हात कोपरापर्यंत जातो. त्या वाळण्यानं स्मेक्टाइटसुद्धा थोडंफार धरून ठेवतं.

मोजायचं कसं? इथून पुढं माझं खरं आवडीचं काम सुरू होतं.

केल्डाल पद्धत सगळ्यांना माहीत आहे. योहान केल्डाल हा डॅनिश रसायनशास्त्रज्ञ कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत होता. 1883 मध्ये त्यानं धान्यातली प्रथिनं मोजायला ही पद्धत काढली: तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचं, नत्राचं अमोनियम करायचं, मग अल्कली घालून अमोनिया उडवायचा आणि टिपायचा. जवासाठी काढलेली युक्ती मातीला लावली आणि ती लागूही पडली. पण जवात अभ्रक नसतं. सल्फ्युरिक आम्ल सिलिकेटच्या थरांना तितकंसं विरघळवत नाही, त्यामुळे काही मातींत आतलं अमोनियम पुरतं बाहेरच येत नाही. 1963 मध्येच अमेरिकन संशोधकांनी हे दाखवलं होतं. म्हणजे ज्याला आपण "एकूण नत्र" म्हणतो ते काही वेळा एकूण नसतं. कोरड्या ज्वलनाच्या यंत्रात, जिथं माती हजार अंशाच्या आसपास जाळतात, तिथं ही अडचण राहत नाही. पण त्या यंत्रातून सगळं नत्र एकत्र बाहेर येतं, सेंद्रिय कुठलं आणि खनिजातलं कुठलं ते कळत नाही.

वेगळं काढायची जी रीत आजही प्रमाण मानतात ती सिल्व्हा आणि ब्रेमनर या जोडीची, 1966 ची, अमेरिकेतल्या आयोवातली. दोन टप्पे. पहिल्यात मातीतलं सेंद्रिय आणि वरवरचं सगळं नत्र नष्ट करायचं. दुसऱ्यात खनिजच विरघळवायचं आणि आत काय निघतं ते पाहायचं. एका वाक्यात मावतं, पण करताना दोन-तीन दिवस सहज जातात.

पहिल्या टप्प्याला पोटॅशियम हायपोब्रोमाइट लागतं आणि ते ताजंच बनवावं लागतं. बर्फात ठेवलेल्या कॉस्टिक पोटॅशमध्ये ब्रोमिन थेंबाथेंबानं सोडायचं. घाई केली की द्रावण तापतं आणि वाया जातं. ब्रोमिनची बाटली उघडली की फ्यूम हूड चालू असूनही तो लालसर तपकिरी धूर काठावरून ओघळताना दिसतो, आणि वासानं घशात काटे येतात. मातीवर हे द्रावण ओतलं की सेंद्रिय पदार्थ फसफसून जळू लागतो. दोन तास तसंच ठेवायचं, मग पाणी घालून पाच मिनिटं उकळायचं आणि रात्रभर निवळू द्यायचं. सकाळी वरचं पाणी काढून टाकायचं, माती सेंट्रिफ्यूजच्या नळीत घ्यायची आणि पोटॅशियम क्लोराइडनं पुन्हा पुन्हा धुवायची.

सगळीकडे पोटॅशियमच का, हा प्रश्न एखादी चुणचुणीत मुलगी दरवर्षी विचारतेच. कॉस्टिक सोडा स्वस्त आहे, तो का नाही? कारण सोडियमनं थर फुगतात, उघडतात, आणि जे मोजायचं तेच धुण्याच्या पाण्यातून निघून जातं. पोटॅशियम खळग्याच्या तोंडाशी जाऊन बसतं आणि दार लावून घेतं. सगळ्या पद्धतीतली हुशारी मला विचाराल तर या एका निवडीत आहे.

दुसरा टप्पा हायड्रोफ्लोरिक आम्लाचा. हे आम्ल काच खातं, म्हणून सगळं प्लास्टिकच्या नळ्यांत. पाच नॉर्मल हायड्रोफ्लोरिक, एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक, आणि चोवीस तास शेकरवर. दुसऱ्या दिवशी नळीच्या तळाशी राखाडी गाळ उरतो. जे थर लाखो वर्षं टिकले ते एका रात्रीत विरघळलेले असतात. या आम्लाबद्दल मी मुलांना फार दरडावते. सल्फ्युरिक सांडलं तर ताबडतोब कळतं. हे सांडलं तर सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आत शिरतं आणि रक्तातलं, हाडातलं कॅल्शियम पकडतं. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल टेबलावर, झाकण सैल करून, हाताच्या अंतरावर. ती नसेल तर प्रयोग नाही. एकट्यानं तर मुळीच नाही, मग सबमिशन उद्या असो की आज.

मग नेहमीचं डिस्टिलेशन. भरपूर कॉस्टिक पोटॅश घालून अमोनिया उडवायचा आणि बोरिक आम्लात धरायचा. मिश्र सूचकामुळे वाइनसारखं लालसर असलेलं द्रावण अमोनियाचा पहिला फुगा आला की हिरवं व्हायला लागतं. ते हिरवं होणं मला अजूनही बघत राहावंसं वाटतं. मग ब्युरेटमधून 0.005 नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल, थेंबथेंब, पुन्हा गुलाबी होईपर्यंत. एक मिलिलिटर आम्ल म्हणजे 70 मायक्रोग्रॅम नत्र. एक ग्रॅम मातीत समजा 100 मायक्रोग्रॅम खनिजबद्ध नत्र असेल, तर ब्युरेट दीड मिलिलिटरही सरकत नाही. एवढ्याशा फरकावर सगळी मदार. शेजारच्या टेबलावर कुणी अमोनियाची बाटली उघडली तरी ब्लँक, म्हणजे माती न घालता तुलनेसाठी केलेली चाचणी, बिघडतो. आमचे लॅबमधले काका फरशी पुसायला एक उग्र वासाचं द्रावण आणायचे. डिस्टिलेशनच्या दिवशी फरशी साध्या पाण्यानंच पुसायची असा करार झाला, तेव्हा कुठं ब्लँक ताळ्यावर आले.

भावाला मी हिशेब मांडून दाखवला. हेक्टरभर जमिनीचा वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर म्हणजे ढोबळमानानं साडेबावीस लाख किलो माती. किलोला 100 मिलिग्रॅम खनिजबद्ध नत्र धरलं, तर हेक्टरी सव्वादोनशे किलो. कार्डावर ज्या 280 च्या खाली लाल शेरा पडतो, त्याच्या तोडीचं काहीतरी थरांमध्ये गप्प बसलेलं. "मग काढून दे नं," तो म्हणाला. तेच तर जमत नाही! जे नुकतंच खतातून आत गेलंय ते पिकाच्या मुळांनी भोवतालचं पोटॅशियम उचललं की हळूहळू बाहेर येतं, काही हंगामातच परत मिळतं. जे पूर्वापार आत आहे ते खनिज झिजेल तेव्हाच. आधी पालाश देऊन नंतर नत्र दिलं तर खळगे आधीच भरलेले असतात आणि अमोनियम कमी अडकतं, एवढं मात्र त्याच्या उपयोगाचं होतं. ते त्यानं लिहून घेतलं. बाकी ऐकून घेतलं.

मातीच्या वरच्या थरात खनिजबद्ध नत्र एकूण नत्राच्या पाच-दहा टक्क्यांच्या घरात असतं. पण खड्डा करून खाली खाली नमुने घेत गेलं की सेंद्रिय पदार्थ आटतो आणि हा वाटा वाढतो. काही मातींत खालच्या थरात तो तिसऱ्या हिश्श्याच्या, अर्ध्याच्याही पुढे जातो. याची चाहूल हायड्रोफ्लोरिकला हात न लावताही लागते. एकाच खड्ड्यातल्या सगळ्या थरांचं सेंद्रिय कार्बन आडव्या अक्षावर घ्यायचं, एकूण नत्र उभ्या अक्षावर, आणि रेघ मारायची. नत्र सगळं सेंद्रिय असेल तर कार्बन शून्य तिथं नत्रही शून्य हवं. रेघ जर उभ्या अक्षाला वरच कुठंतरी छेदत असेल, तर तेवढं नत्र कार्बनाच्या खात्यात नाही. खालच्या थरांत कार्बन-नत्र गुणोत्तर विचित्र कमी दिसतं त्याचंही एक कारण हेच. जुन्या प्रबंधांत असे आकडे दिसले की "जीवाणूंची क्रिया" असा शेरा मारून पुढे गेलेलं असतं. एखादी रेघ ओढली असती तर?

पण ही सगळी मोजमापं केली तरी एक प्रश्न तसाच राहतो. आत सापडलेलं अमोनियम आलं कुठून? खतातून? कुजलेल्या पाल्यातून? की मूळ दगडातून? सिल्व्हा-ब्रेमनरचा आकडा यातलं काही सांगत नाही.

दगडातून, हा पर्याय गमतीचा नाही. समुद्राच्या तळाशी चिखल साचतो, त्यात मेलेले सूक्ष्मजीव कुजतात, सुटलेलं अमोनियम तिथल्याच चिकणमातीत शिरतं. वर आणखी गाळ चढतो, उष्णता वाढते, स्मेक्टाइटचं इलाइट हे अभ्रकासारखं खनिज होतं आणि होता होता आतलं अमोनियम पक्कं बंद होतं. पुढे शेल, स्लेट, शिस्ट. गाळाच्या खडकांत म्हणून नत्र किलोमागे शेकडो मिलिग्रॅम असू शकतं. कोळशाशेजारच्या शेलमध्ये तर खास. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात अँथ्रासाइट कोळशाच्या लगतच्या खडकांत अमोनियमवालं इलाइट सापडलेलं आहे. काही ठिकाणी अमोनियम इतकं की खनिजालाच वेगळं नाव द्यावं लागलं. कॅलिफोर्नियातल्या सल्फर बँक या पाऱ्याच्या खाणीतलं बडिंग्टोनाइट, 1964 मधलं, हे अमोनियमचं फेल्डस्पार (फेल्डस्पार म्हणजे खडकांत सर्रास आढळणारं खनिज). जपानमधल्या तोबे गावावरून टोबेलाइट, हे अमोनियमचं अभ्रक.

याचा झाडाझुडपांशी संबंध कॅलिफोर्नियातल्याच लोकांनी दाखवला. डेव्हिस इथल्या विद्यापीठातल्या मॉरफोर्ड, हॉल्टन आणि डालग्रेन यांनी उत्तर कॅलिफोर्नियातली दोन प्रकारची जंगलं घेतली: हवामान सारखं, पण एका खाली नत्रानं समृद्ध गाळजन्य रूपांतरित खडक, दुसऱ्याखाली नत्र फार कमी असलेला अग्निजन्य. 2011 मध्ये छापलेले निकाल असे की पहिल्या जंगलात माती आणि पानांत नत्र पन्नास टक्क्यांहून जास्त, झाडांच्या जमिनीवरच्या भागात कार्बन 42 टक्के जास्त आणि वरच्या 30 सेंटिमीटर मातीत 60 टक्के जास्त. नत्र दगडातलंच, हे समस्थानिकांनी, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंनी, सांगितलं. नत्र-15 आणि नत्र-14 यांचं गुणोत्तर खडकात, मातीत आणि पानात एकच निघालं. अग्निजन्य खडकावर तसं नव्हतं. 2018 मध्ये त्याच गटानं जगाचा हिशेब मांडला आणि नैसर्गिक परिसंस्थांतलं 26 टक्क्यांपर्यंत नत्र खडकांतून येत असावं असं म्हटलं. हिमालयासारखे झपाट्यानं झिजणारे डोंगर त्यात महत्त्वाचे. उरलेलं अर्थातच हवेतून. पाठ्यपुस्तक फाडून टाकायची गरज नाही, एक परिच्छेद वाढवायची मात्र आहे.

आणि हे नेहमी वरदानच असतं असंही नाही. डालग्रेननंच 1994 मध्ये उत्तर कॅलिफोर्नियाच्या क्लॅमथ पर्वतातल्या अभ्रकी शिस्टवरच्या मातीबद्दल लिहिलं होतं. झाडं गेली की दगडातून सुटणारं अमोनियम उचलायला कुणी नाही. त्याचं नायट्रेट होतं, सोबत आम्ल तयार होतं, आणि माती इतकी आंबट होते की पुन्हा काही उगवायला मागत नाही. हॉलोवे आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये कॅलिफोर्नियातल्याच मोकेलमी नदीच्या पाणलोटात वाढलेलं नायट्रेट खडकाच्या माथी मारलं. खतं नसलेल्या ठिकाणी पाण्यात नायट्रेट दिसलं की आपण लगेच कुणाच्या तरी गोठ्याकडे बोट दाखवतो; कधीकधी गोठा निर्दोष असतो.

आता मनसरचं काय? तिथले शिस्ट मुळात समुद्रातले गाळ, म्हणून आशा. पण ते फार तापलेले आहेत, आणि खडक तापला की अमोनियम बरंचसं निसटून जातं, म्हणून निराशा. अभ्रक शाबूत आहे, म्हणजे निदान खळगे तरी आहेत. काटोलच्या खड्ड्यातली काळी माती आणि मनसरच्या टेकडीखालची तांबूस माती शेजारी शेजारी चालवायची, दोन्हींचे वाळू, पोयटा आणि चिकण असे भाग वेगळे करून. अमोनियम नुसतं चिकणमातीत सापडलं तर ते नंतर शिरलेलं असण्याची शक्यता जास्त. पोयट्यातल्या आणि वाळूतल्या ठसठशीत अभ्रकातही सापडलं तर दगडाकडे वळून बघावं लागेल. आणि दगड स्वतंत्र चालवल्याशिवाय काही बोलायचं नाही. त्यासाठी झिजलेला मुरूम नको, हातोड्यानं फोडून आतला ताजा तुकडा हवा, नाहीतर मुळांनी आणि पावसानं आत नेलेलंच आपण मोजणार. दळायचं बारीक, पण फार वेळ नाही. फार दळलं की अभ्रकाचे थरच मोडतात आणि हायपोब्रोमाइटच्या टप्प्यातच माल निसटतो.

समस्थानिकांचं यंत्र आमच्याकडे नाही, नमुने बाहेर पाठवावे लागतील आणि त्याला पैसे लागतील. प्रस्तावात मी "खडकजन्य नत्र" असं लिहिलं तेव्हा समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "मॅडम, नत्र दगडात असतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी 1964 च्या फेल्डस्पारपासून सुरुवात केली. पुढचा अर्धा तास मला कुणी मध्ये थांबवलं नाही. पैसे अजून मंजूर झालेले नाहीत. हायड्रोफ्लोरिकची बाटली आणि जेलच्या दोन ट्यूब मात्र आल्या आहेत.